तिसरा पंप

अणुवीज केंद्रात रिअ‍ॅक्टर चालवण्याचा परवाना मिळण्याआधी परीक्षा द्यावी लागते. पहिल्या वेळी मी तिच्यात नापास झालो. वरिष्ठांचा हुकूम आधी मोठ्याने परत म्हणायचा आणि मगच बटणाला हात लावायचा, असा नियम आहे. मी न बोलताच बटण दाबलं होतं. माझ्या तुकडीतले बाकी सगळे पास होऊन कामाला लागले, आणि मी रजा घेऊन कराव्याला घरी आलो. कॉलेजात गेलेला घरात मी पहिलाच. नेमकं काय चुकलं, हे कुणाला समजावून सांगावं कळेना.

भिंतीवर मी कंट्रोल रूममधल्या पॅनेलचं चित्र चिकटवलं आणि पंपांचे गोल आईला दाखवले. तिला वाचता येत नाही, पण विकायच्या मासळीची पाटी भरता भरता ती हुकूम द्यायला तयार झाली.

"पंप तीन चालू कर."

"पंप तीन चालू करतो."

"कुठून करशील, बाला? गोल तर दोनच हायत. हो बोलायची लय घाई तुला."

ती पाटी उचलून बाजाराला गेली. दुपारभर मी एकटाच दोघांचं बोलत राहिलो. पण मलाच फसवील असा हुकूम मला काही देता येईना.