लाळेचं प्रॅक्टिकल

सव्वीस वर्षं मी लोणावळ्यात बारावीला बायॉलॉजी शिकवते आहे. दर वर्षी तेच स्टार्च, तेच आयोडीन, तीच लाळ. वैताग आलाय अगदी! पण किस्से मात्र साचत जातात, सिंकमधल्या न धुतलेल्या टेस्ट ट्यूबसारखे.

प्रयोग तसा साधा. स्टार्चच्या पाण्यात आयोडीन टाकलं की निळं-काळं होतं. आधी लाळ घालून कोमट ठेवलं, तर लाळेतलं एन्झाइम स्टार्चची साखर करतं आणि निळा रंग येत नाही. बस, एवढंच. पण त्यासाठी चारचौघांत थुंकावं लागतं ना!

*

एरवी रस्त्यात कुठेही पिचकारी मारणारी पोरं, ट्यूब हातात दिली की तोंडाला कोरड! मग आमचे लॅब अटेंडंट शंकरभाऊ इंदुरीहून चिंच घेऊन येतात. "नुसती दाखवायची म्याडम, खायाला द्यायची न्हाई."

एकाने डोळा चुकवून अख्खा गोळा खाल्ला. लाळ भरपूर आली, पण आंबट! एन्झाइमने कामच केलं नाही.

*

एन्झाइम म्हणजे कुलूप-किल्लीचं नातं, असं मी शिकवते. ठरावीक पदार्थाला ठरावीकच एन्झाइम लागतं. एका पठ्ठ्याने पेपरात लिहिलं, "लॅबची किल्ली भाऊंकडे असते. ते जेवायला गेले की क्रिया थांबते."

मी मार्क दिले. वाद घालायचं त्राण नव्हतं.

*

मागच्या वर्षी मात्र हसू आलं नाही. परीक्षेच्या सकाळी भाऊंनी सगळ्यांच्या लाळेच्या ट्यूब उकळून ठेवल्या. निकाल लागल्यावर मला म्हणाले, "पोरांची थुकी म्याडम, किती जंतू असत्यात! चांगली खदखदा उकळली."

जंतू मेले, एन्झाइमही मेलं. सगळ्यांच्या ट्यूब निळ्याशार! बाकीच्यांनी पुस्तकातलं उत्तर खरडलं आणि सुटले. कुसगावच्या कोमलने जे दिसलं तेच लिहिलं, "माझ्या लाळेत एन्झाइम नाही." बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला नापास केलं. तिची नर्सिंगची अॅडमिशन हुकली.

भाऊंनी दोन दिवस डबा उघडला नाही. तिच्या आईसमोर उभं राहताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

यंदा कोमल पुन्हा बसली. परीक्षकही तेच, जर्किनची चेन गळ्यापर्यंत ओढलेले. सकाळची थंडी, आणि ऐन वेळी लाइट गेली! पाणी गरम ठेवायचं यंत्र गार पडलं. गारठ्यात एन्झाइम ढिम्म हलत नाही.

"मॅडम, परत निळंच होणार," कोमलचे डोळे भरून आले.

दारातून भाऊ ओरडले, "अरं, ट्यूब काखंत धरा की!"

परीक्षक वळले, तर सगळी बॅच एक हात अंगाशी घट्ट दाबून दुसऱ्या हाताने लिहितेय!

"काय प्रकार आहे हा?"

कोमल दंड तसाच आवळून उभी राहिली. "सर, सदतीस डिग्री."

परीक्षकांनी तिच्या टेबलाकडे बोट दाखवलं. तिथे दुसरी ट्यूब होती, लाळ न घातलेली, तुलनेसाठी. "मग ही थंड का? दोन्ही सारख्याच गरम हव्यात."

"सर, तीही धरली तर लिहू कुठल्या हातानं?"

भाऊंनी डोळे मिटून घेतले.

परीक्षकांनी जर्किनची चेन खाली ओढली.

"आण ती इकडे."