सपाट खेळात कोणी मागे राहत नसे

माझी मुलगी ज्याला टू-डी गेम म्हणते त्याला मी सपाट खेळ म्हणते, आणि थ्री-डीला गोल खेळ. ती हसते. हसू दे. मी दोन्ही खेळले आहे. माझ्या वयाच्या बायका भजनाला जातात, मी टीव्हीसमोर बसून बटणं दाबते. ज्याला जे बोलायचं ते त्यानं बोलावं. कोणता बरा म्हणून विचाराल तर सपाट बरा, असं मी बरेच दिवस म्हणत होते.

आमचं घर पेणजवळ हमरापूरला, गणपतीचा कारखाना घराला लागूनच. माझं माहेर रोह्याकडचं, भातशेतीचं. चौथीनंतर माझी शाळा सुटली. लग्न होऊन इथे आले तेव्हा लावणी आणि सारवण एवढंच येत होतं. रंगकाम सासूनं शिकवलं. पहिल्यांदा तिनं मला मूर्तींच्या पाठी रंगवायला दिल्या. नवशिक्याला पाठच देतात, कारण पाठ कोणी बघत नाही. हात बसला की पितांबर, मग दागिने, आणि सगळ्यात शेवटी आखणी, म्हणजे डोळे. आखणी करताना आपण मूर्तीभोवती फिरायचं नसतं. मूर्ती फिरत्या पाटावर असते, तिलाच आपल्याकडे वळवून घ्यायचं. डाव्या हाताला पाट, उजव्या हाताला कुंचला. सगळा जन्म मी तसंच केलं. गोल खेळात माझी जी फजिती झाली ती ह्या सवयीमुळे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

सपाट खेळ घरात आला तेव्हा मुलगी शाळेत होती. तिच्या वडिलांनी पेणच्या बाजारातून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. गणपती विकले गेले होते. कारखाना त्या दिवसांत रिकामा असतो, नुसत्या फळ्या आणि जमिनीवर पांढरी धूळ. ती धूळ कॅसेटमध्ये जायची आणि चित्र थरथरायचं. पण चालायचा. एक लाल माणूस, एक निळा माणूस, दोघं डावीकडून उजवीकडे पळत फळं गोळा करायचे. लाल तिचा, निळा माझा.

त्या खेळात एक गोष्ट होती. दोघं पुढे आल्याशिवाय चित्र पुढे सरकत नसे. एक पुढे पळाला तरी टीव्हीच्या कडेला जाऊन अडकायचा. मागचा येईपर्यंत तिथेच पाय हलवत राहायचा.

"आई, चल ना पुढं!"

"थांब. माझा खड्ड्याजवळ हाय."

"मग मार उडी."

"तुला काय जातंय उडी मार म्हणायला!"

"तू येत नाय तवर मी पन अडकलेय हितं. डोकं घासतोय बघ माझा टीव्हीला."

"घासू दे. केस कमी होतील, तेल वाचेल."

तिचे वडील कारखान्यातून ओरडायचे, "त्या डब्यात काय संसार मांडलाय काय दोघींनी?"

"व्हय," मी म्हणायचे. "भायेरच्यापेक्षा बरा चाललाय."

ते आता नाहीत. असते तर अजून ओरडले असते.

खेळता खेळता ती बोलायची. गणितात नापास झाली ते तिनं मला खड्ड्यावरून उडी मारताना सांगितलं. वडखळकडचं स्थळ आलं होतं, तो मुलगा तिला पसंत नव्हता, तेही तसंच. समोरासमोर बसवून विचारलं असतं तर तिनं तोंड उघडलं नसतं. मीही तशीच आहे. आम्हाला हातात काहीतरी काम लागतं आणि तोंड दुसरीकडे लागतं, मग बोलता येतं. कारखान्यात बायका बोलतात त्या अशाच, नजर मूर्तीवर ठेवून.

लग्न होऊन ती रोह्याशेजारच्या अष्टमी गावात गेली. जावई रोह्याच्या कंपनीत शिफ्टला. मी कापडी पिशवीत तो गेम घालून एसटीनं जायचे. कंडक्टर एकदा म्हणाला, "मावशी, पिशवीतून वायर लोंबतेय, काय बॉम्ब हाय काय?" मी म्हटलं, "लेकीचं माहेर हाय." नाईट करून आलेले जावई आतल्या खोलीत झोपलेले असायचे. आम्ही टीव्हीचा आवाज बंद करून खेळायचो आणि कुजबुजत भांडायचो. शेजारच्या मुसलमान बाईंचे दोन्ही मुलगे दुबईला होते. त्या दारातून डोकावायच्या आणि म्हणायच्या, "खेळा खेळा. पोरगी हाय तवर खेळा."

मग जावयांनाही दुबईलाच नोकरी लागली आणि माझी मुलगीही गेली. तिकडे तिलाही एका ऑफिसात काम मिळालं. गेम माझ्याकडे राहिला. एका पावसाळ्यात त्याचा धूर निघाला, मी तो भंगारवाल्याला दिला.

उरला फोन. फोनवर आमचं बोलणं असं:

"जेवलीस?"

"व्हय. तू?"

"व्हय. पाऊस?"

"हाय."

"बरं मग."

बरीच वर्षं एवढंच. आधी आवाज होता, मग तोंडही दिसायला लागलं, पण वाक्यं तीच. तोंड दिसायला लागल्यावर तर आणखी कठीण झालं. ती माझ्या तोंडाकडे बघते, मी तिच्या, आणि दोघींना काही सुचत नाही. ती सुखात आहे की नाही, हे मला तिच्या फोनवरून कळलं नाही. मला तिची आठवण यायची ती तिच्या तोंडाची नाही. शेजारी बसून कोपर मारायची त्याची यायची.

गेल्या गणपतीला आली तेव्हा तिनं मोठा खोका आणला. म्हणाली, "आई, हा नवीन गेम. तू हितून, मी तिथून. एकाच खेळात दोघी. शुक्रवारी मला सुट्टी असते. दुपारी खेळू." वायरमन बोलावून नेट घेतलं, कानाला लावायचा माइक दिला, सगळं टीव्हीला जोडून दिलं. मग ती परत गेली. पहिल्या शुक्रवारी मी सकाळीच जेवून तयार बसले होते.

खेळ असा. एक बेट. डोंगर, झाडं, पाणी. लाकडं तोडायची, घर बांधायचं. पाणी असं निळं की बघवत नाही. आमच्या धरमतरच्या खाडीचं मातकट पाणी बघितलेल्या माणसाला ते खोटंच वाटणार. मला एक बाई मिळाली, पँट घातलेली. ती माझ्याकडे पाठ करून उभी.

मी काय केलं? हातातल्या रिमोटला दोन छोट्या दांड्या होत्या, त्यातली उजवीकडची पाट फिरवतो तशी फिरवली आणि तिचं तोंड माझ्याकडे आणलं. बरं वाटलं. मग तिला चालवायला गेले तर ती वळली आणि पुन्हा पाठ. पुन्हा फिरवली. शेवटी कळलं, दुसरी दांडी खाली ओढली की ती तोंड माझ्याकडे ठेवून चालते. तशीच चालवली. ती माझ्याकडे येत राहिली, येत राहिली आणि पाण्यात पडली.

"आई, काय करतेस?"

"पडली."

"समोर पाणी हाय, दिसत नाय?"

"नाय दिसत."

"दिसंल कसं? तू सोताचंच तोंड बघत चाललीस!"

"मग कुणाचं बघू?"

तिकडून हसण्याचा आवाज आला. मलाही हसू आलं. पण पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा पडले आणि त्याच्या पुढच्याही. हाताला सांगून कळत नव्हतं. माझा हात म्हणत होता, तोंड आपल्याकडे घे. खेळ म्हणत होता, पाठ बघ. जी पाठ आम्ही नवशिक्याला देतो ती इथे सारखी डोळ्यापुढे. वर चक्कर यायची ती वेगळीच. टीव्हीतलं सगळं बेट गरागरा फिरायचं आणि मी पलंगाला धरून बसायचे.

ती बेटावर दिसेनाशी व्हायची त्याचा मला जास्त राग होता. सपाट खेळात माणूस पुढे असतो नाहीतर मागे असतो. इथे ती डोंगरापलीकडे जायची आणि संपलं.

"कुठं हायस?"

"हितंच."

"हितंच म्हंजे?"

"तुझ्या मागं, आई. वळ. तिकडं नाय. आता पन मागंच."

मी वळतच राहायचे. ती शेजारी असून मला सापडत नव्हती.

एका शुक्रवारी ती थकलेली होती. आवाजावरून कळलं. मी तिसऱ्यांदा पडले तेव्हा ती म्हणाली, "राहू दे आई. तुला त्रास होतोय. आपन नुसता व्हिडिओ कॉल करत जाऊ."

मला कळलं, हे गेलं की सगळं गेलं. पुन्हा जेवलीस, व्हय, पाऊस, हाय. माझ्याकडे आता किती वर्षं आहेत ते काही मला माहीत नाही, पण ती तशी घालवायची नव्हती. मी म्हटलं, "नाय. मला सपाट खेळ आन. तो मला येतो."

तिनं शोधला. लांबून दोघांना खेळता येईल असा सपाट खेळ, रंगबिरंगी, दोन माणसं डावीकडून उजवीकडे पळतात. मी खूश होते. आता बघ म्हटलं.

ती पळत पुढे गेली. मी खड्ड्याजवळ थांबले. वाट बघत होते, आता ती कडेला अडकेल, आता म्हणेल चल ना. तर चित्र तिच्याबरोबर पुढे गेलं आणि माझ्या माणसाला एका फुग्यात घालून उचललं आणि तिच्याजवळ नेऊन टाकलं. खड्डा आपोआप ओलांडला गेला. उडी मारावीच लागली नाही. पुढच्या खड्ड्यालाही तेच. मागे राहिलं की उचलून पुढे. त्यामुळे कोणाला थांबावं लागत नाही, भांडावं लागत नाही. संबंध दुपार आम्ही खेळलो आणि ती मला एकदाही ओरडली नाही.

"मस्त हाय ना?" तिनं विचारलं.

"नाय," मी म्हटलं. "गाठोडं असल्यासारखी उचलून नेतो मला."

"मग काय करायचं?"

"बेटावरचाच लाव."

"आई, तुला येत नाय तो."

"येईल."

त्या आठवड्यात मी रोज सकाळी एकटीच बेटावर गेले. उजवी दांडी धरायचीच नाही असं ठरवलं. अंगठ्याला सवयीनं ओढ लागायची, म्हणून अंगठा मुठीत दाबून ठेवला. बाईची पाठ बघत चालले. खोटं कशाला सांगू, आवडलं नाही. पण पाठ बघत चाललं की पुढचं दिसतं, हे खरं. झाड दिसतं, पाणी दिसतं. नुसतं चालायला शिकायला माझा आठवडा गेला.

शुक्रवारी ती खेळात आली. मी न पडता पाण्याच्या कडेनं चालत गेले. ती कौतुक करणारी नाही, माझ्यावर गेली आहे. ती पुढे निघाली, मी मागून. टेकाडावर चढताना मी मागे पडले. वाटलं, आता गेली. वर पोचले तर ती तिथे उभी.

"का थांबलीस?"

"तू ये म्हनून."

"मी येते माझी. तू जा."

"नाय जात."

तिला अडकवायला तिथे कड नव्हती. सगळं बेट मोकळं होतं. जुन्या खेळात ती थांबायची ते खेळ थांबवायचा म्हणून. इथे ती आपली आपण थांबली होती. हे मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. म्हाताऱ्या माणसाबरोबर बाजारात जाताना लोक असेच चार पावलं चालून थांबतात. मला ती थांबणारी नको होती. मला ती डोकं घासत ओरडणारी हवी होती, शेजारी, फरशीवर, कोपर मारत. ते ह्या खेळात नाही आणि कुठल्याच खेळात नाही.

आम्ही लाकडं तोडायला लागलो. ती एका झाडाला, मी शेजारच्या. ठक ठक आवाज येत होता. मग ती म्हणाली, "आई."

"काय गो?"

"हितं माझं मन नाय लागत."

मी झाड तोडत राहिले. थांबले असते तर तीही थांबली असती.

"कधीपास्नं?"

"पहिल्यापास्नं."

"आनि आज सांगतेस?"

"फोनवर कसं सांगू?"

"खरं हाय," मी म्हटलं. "जावयांना ठाऊक हाय?"

"नाय. त्यांचं चांगलं चाललंय. अजून काही वर्षं तरी निघता यायचं नाय." ठक ठक. "यंदा गनपतीला पन नाय जमनार, आई. सुट्टी नाय."

"बरं."

"रागावलीस?"

"नाय. झाड पडतंय तुझ्यावर, सरक."

ती सरकली. झाड पडलं. आणखी बरंच काही सांगितलं तिनं त्या दुपारी, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी सल्ला दिला नाही. मध्ये मध्ये मी "व्हय" म्हणायचे आणि तिनं तोडलेली लाकडं उचलून घरापाशी नेऊन टाकायचे.

घर तर बांधून झालं होतं. छप्पर झालं होतं, कुंपण झालं होतं. अंगणात लाकडांचा ढीग माझ्या बाईच्या डोक्याच्या वर गेला होता.

तिनं विचारलं, "अजून लाकडं लागतील काय?"

"लागतील," मी म्हटलं. "पलीकडच्या टेकाडावर चल."