निरीक्षकाच्या रकान्यातलं नाव

सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो. पृथ्वीभोवती फिरणारे उपग्रह आणि त्यांना वर सोडून रिकामी झालेली रॉकेटं नेमकी कुठे आहेत, हे कळायला त्या काळी हौशी लोकांच्या नोंदींचीही मदत घेत. परदेशातल्या एका केंद्राकडून मला पोस्टाने वेळापत्रक येई. दिवस मावळला की धंतोलीतल्या आमच्या गच्चीवर दुर्बीण घेऊन बसायचं, ठरलेल्या दोन ताऱ्यांच्या मधून उपग्रहाचा ठिपका गेला की स्टॉपवॉच दाबायचं आणि वेळ कळवायची. कॉलेजात याचा मला मोठा मान होता.

बायको सावनेरकडची, शेतकऱ्याची मुलगी, मॅट्रिक झालेली. ती गच्चीवर यायची ती तापलेल्या फरशीवर पाणी शिंपडायला. एकदा मी दुर्बिणीतून शोधतच होतो, तर ती म्हणाली, "अवो, तो गेला न तिकडून! तुमाले दिसून नाही राहिलं का?"

मग गंमत म्हणून स्टॉपवॉच तिच्या हातात दिलं. केंद्राच्या उत्तरात प्रत्येक नोंदीची चूक कळवलेली असे. माझी चूक एक-दोन सेकंदांची, तिची जवळजवळ नाहीच. निरीक्षकाच्या रकान्यात मात्र मी माझंच नाव लिहीत राहिलो.

एका संध्याकाळी एक रिकामं रॉकेट जात होतं. ती म्हणाली, "हा लुकलुक करून राहिला."

मला तर ठिपका सरळ जाताना दिसत होता. "तुझी पापणी लवली असेल."

"माही पापणी काहून लवन? अकरा मोजले का एकदा चमकते."

नाइलाजाने मी शेरा लिहिला. दीड महिन्याने पत्र आलं. ते रॉकेट कोलांट्या खात होतं, म्हणूनच ठरावीक वेळाने चमकत होतं, आणि हे आमच्या भागातून पहिल्यांदा मीच कळवलं होतं! यापुढे दर वेळी चमक मोजावी, अशी विनंती होती. प्राचार्यांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मी थोपटून घेतली. घरी सांगितलं, "काही नाही, नवं वेळापत्रक आलंय."

त्यानंतर मी एकटाच वर जाऊ लागलो. "तू असलीस की माझं लक्ष लागत नाही," असं तिला तोंडावर म्हणालो. ती पाण्याची बादली तशीच ठेवून खाली गेली. आठवडाभर डोळे फाडून पाहिलं, पण चमक काही दिसली नाही. शेवटी तिचाच अकराचा आकडा पुन्हा लिहून पाठवला.

उत्तर थंड होतं. इतरांच्या नोंदींप्रमाणे कोलांट्या मंदावल्या होत्या. माझा आकडा जुळत नव्हता, पुन्हा तपासावा.

दोन दिवस ते पत्र खिशात घेऊन फिरलो. मग स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं, "ते रॉकेट आता कितीवर चमकत असेल?"

"सतरावर," ती पोळी लाटता लाटता म्हणाली. "मी मागच्या आंगनातून पायतच होती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी इचारलं का?"

मी दोन्ही पत्रं तिच्यापुढे ठेवली. तिने पिठाचे हात पुसले आणि बोट ठेवत ठेवत इंग्रजी अक्षरं वाचली. मग म्हणाली, "याच्यात माहं नाव कोठी हाये?"

त्याच दिवशी मी केंद्राला खरं काय ते लिहिलं. वाटलं होतं, कबुली दिली की पोटातली जळजळ थांबेल. थांबली नाही. पुढची पाकिटं तिच्या नावाने येऊ लागली. पोस्टमन फाटकातून तिच्याच नावाने हाक मारी आणि आत माझी वर्तमानपत्रातली एकही ओळ पुढे सरकत नसे. ती पाकीट फोडून आधी माझ्याकडेच आणायची, इंग्रजी समजून घ्यायला. मी सगळं नीट समजावून सांगायचो. फक्त कौतुकाची ओळ आली की जरा भरभर वाचून टाकायचो.