खारपडीतले परदेशी

चहा घ्या, आणि हसू शेवटासाठी राखून ठेवा. कारण हा गाढवपणा मी एकटीनं, पूर्ण शुद्धीत, तीन दिवस राबून केलाय.

सेनगावकडं आमच्या गावाबाहेर खारपड आहे. पाणी साचतं, जमिनीतला खार उतरून मचूळ होतं, कडेला पांढरी पापडी धरते. गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. नांदेडचं कॉलेज अर्ध्यात सोडून आले (काहून सोडलं? सर वीस वर्षांपूर्वीची पिवळी वही वाचून दाखवायचे आणि त्याला शिकवणं म्हणायचे, म्हणून!), तेव्हापासून घरच्यांची तोंडं चुकवायला मी तिथंच जाऊन बसायची.

आणि एके दिवशी दिसले मासे! बोटाच्या पेराएवढे. नराच्या शेपटीवर नारिंगी ठिपका, मादीच्या पोटाशी काळा डाग. एका मादीनं तर माझ्या डोळ्यांदेखत पिल्लं टाकली. अंडी नाहीत, थेट पोहणारी पिल्लं! मी तासभर चिखलात पालथी. आता सांगा, असल्या पाण्यात हे जगतात कसे? आणि आले कुठून?

नेमकं तेव्हाच सरपंचकाकांनी ठरवलं, खारपड मुरूम टाकून बुजवायची, वर सभामंडप बांधायचा. गावात आधीचे दोन मंडप आहेत, त्यांत शेळ्या बसतात. पण म्हाताऱ्यांना तिसरा पाहिजे!

"काका, तिथं मासे हायेत!"

"मग? बाजार भरवू का मासळीचा?"

मी मत्स्य खात्याच्या एका साहेबांना फोटो धाडले. ते म्हणाले, सोमवारी येतो. काकांनी कुरकुरत मुरमाची ट्रॉली थांबवली. म्हणजे सोमवारी साहेबांना काही खास दिसलं तर तळं राहणार, नाहीतर मुरूम.

मग मी अभ्यासाला लागले. म्हणजे मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. कुठल्याशा खाडीकाठी खाऱ्या दलदलीत छोटे मासे राहतात, आणि जहाजांना चिकटून आलेले परदेशी शिंपले त्यांची जागा बळकावतात. मी पळत जाऊन आमच्या चिखलात हात घातला. काय निघालं? शिंपले! काळे, तळहाताएवढे, खच पडलेला!

हिंगोली जिल्ह्यात जहाज कुठून येईल, हा प्रश्न मला पडायला पाहिजे होता. नाही पडला. बादली घेतली आणि उपसायला लागले.

शेजारचे रशीदचाचा शेळ्या घेऊन तिथंच होते. "काहून काढून राहिली गं बेटा?"

"घुसखोर हायेत चाचा. आपल्या माशांच्या जिवावर उठले."

"अगं, माझी अम्मी याच शिंपल्यानं कैऱ्या सोलायची."

"म्हणजे तवापासून घुसले! अन् तुमी बसले बघत! तुमच्या पिढीनं कधी कशाकडं नीट बघितलंय का?"

चाचा शेळ्या हाकत निघून गेले. मला वाटलं, जिंकले.

तीन दिवसांत अकरा बादल्या शिंपले बांधावर, भर उन्हात.

सोमवारी साहेब आले, मागं अर्धं गाव. त्यांनी बरणीत मासे धरले, उजेडाला लावले आणि म्हणाले, "गप्पी आहेत हे. मूळचे सातासमुद्रापलीकडचे. डासांची अळी खातात म्हणून सोडतात."

"इथं कोण सोडील?" मी ताडकन विचारलं.

गर्दीतून माझी आई पुढं आली. ती आशाताई आहे गावची, आरोग्य खात्याची. "म्याच सोडले की, दोन सालाखाली. पिशवीत घालून आणले होते."

"मला सांगितलं काहून न्हाई?"

"तू विचारलं कवा? तू तर आमाला शिकवून राहिली!"

लोक हसले. काकांनी ट्रॉलीवाल्याला फोन लावला. पण साहेब म्हणाले, "थांबा. मी माशांसाठी आलोच नाही. फोटोत कडेला शिंपले होते. ते अस्सल इथले, पाणी गाळून स्वच्छ ठेवणारे. एवढ्या खारात ते तगले हेच नवल! कुठायत?"

उत्तर वाऱ्यानं दिलं. सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले आणि बांधाकडं बघितलं. शिंपले आ वासून पडले होते, कावळ्यांची पंगत बसली होती.

मी कपड्यांची पर्वा न करता पाण्यात उतरले, कोपर-कोपर चिखल चाचपला. सात निघाले जिवंत. सातच! साहेबांनी ते परत सोडले आणि काकांना बजावलं, "एवढे आहेत तोवर बुजवायचं नाही."

तळं वाचलं. मी श्वास सोडते तोच त्यांनी पाहणीचा कागद काढला. "इथल्या जिवांना धोका असलेला, बाहेरून आलेला प्राणी... गप्पी लिहू?"

"गप्पी काहून लिहून राहिले साहेब?" रशीदचाचा म्हणाले. "त्या बिचाऱ्यांनी एकबी शिंपला मारला न्हाई." आणि काठी माझ्याकडं रोखली. "हे लिहा. नांदेडहून आलं. एकच नग हाय, पण बराबर पुरलं."

साहेबांनी गंभीरपणे पेन कागदावर टेकवलं आणि माझ्याकडं बघून विचारलं, "आडनाव?"