चारूच्या गालावरचं पाणी

त्या डॉक्टरने माझ्यावर ओरडायला नको होतं. पन्नास वर्षं होऊन गेली, तरी मला ते पटलेलं नाही... बरं, ग्रुपवरच्या सगळ्यांना नमस्कार.

गोष्ट सत्तर-बहात्तर सालची. आम्ही नागपुरात, इतवारीत राहायचो, माझी चारू सहा वर्षांची. जन्मापासून तिच्या डोळ्यांत पाणीच यायचं नाही. पडली की गळा काढायची, पण डोळे कोरडे ठणठणीत...

सासू म्हणायची, "नाटकं करून राहिली पोट्टी. मायवर गेली." सासू म्हणजे माझी सख्खी मामीच, पण जीभ परकी.

त्या उन्हाळ्यात चारूचा एक डोळा लाल झाला, बुबुळावर पांढरट डाग आला. डोळा जातो की काय म्हणून तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. सासूही आली, माझी चूक बघायला.

तिथले एक डॉक्टर याच आजाराचा अभ्यास करत होते. म्हणाले, नाटक नाही, नसांचा जन्मजात दोष आहे. अर्धा आईकडून येतो, अर्धा बापाकडून. मी सासूकडे नुसतं बघितलं.

सलाईनमधून एक औषध देऊन पाणी सुटतं का, ते त्यांना बघायचं होतं. टिपकागदाची पट्टी पापणीला लावून ती किती भिजते, ते मोजायचं. औषध सुरू झालं. डॉक्टर पट्टी घ्यायला वळले, तेवढ्यात चारू घाबरून ओरडली, "आई, गालावर काहीतरी चालून राहिलं!"

मी पदराने पुसलं. हातच गेला हो...

डॉक्टर ओरडले, "अहो बाई, पुसलं काहून? तेच तर मोजायचं होतं!"

"लेकरू रडलं तर माय पुसणारच. तुमच्या मायनं नाही पुसलं काय?"

नर्स फिसकन हसली, मग डॉक्टरही. नशीब, पाणी थांबलं नव्हतं. पट्टी चिंब भिजली. सासूने चारूच्या गालावर बोट फिरवून चाखलं. "खारं आहे वं... खरंच रडली आपली पोट्टी!" आणि बाहेर जाऊन पेढे घेऊन आली. पोरगी रडली म्हणून अख्ख्या वॉर्डाने पेढे खाल्ले!

तासाभरात डोळे पुन्हा कोरडे. पण रोज घालायचे थेंब मिळाले, डोळा वाचला, आणि नाटक हा शब्द घरातून गेला. त्या डॉक्टरचे एवढे उपकार मानते.

पेढ्यांच्या गडबडीत त्या पोरीला कसं वाटलं, हे मात्र कोणी विचारलंच नाही. मीही नाही. चारू, आता तू लिही. बाकी कोणी मध्ये बोलायचं नाही.