जनरलसाहेबांचं चाक

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात मला पोचवायला पारनेरच्या स्टँडवर तुम्ही वस्तीतले पंधरा-वीस जण आला होतात. नगरची गाडी लागली तरी कुणी हलेना. आई रडत होती, आणि रडता रडता माझ्या पिशवीत आणखी एक भाकरी कोंबत होती. अण्णांनी खिशातून करंजेलाची, म्हणजे करंजाच्या तेलाची, बाटली काढली. तिकडच्या थंडीनं टाचा फुटतील, लाव म्हणाले. गाडी हलली तसे खिडकीशी आले. "सुमे, हातानं केल्यालं काम सांगायला कुनाला भ्यायचं न्हाई."

मी मान डोलावली खरी. पण सातवीत शाळा सुटलेल्या बाईला विलायतेत कोण काय विचारणार होतं?

इथं यांना बसच्या गॅरेजात काम होतं. वर्षभरानं मलाही मिळालं. गावात जुन्या पलटणीचं एक म्युझियम आहे, तिथं सफाईचं. सकाळी सातला शिफ्ट. ओव्हरकोट, त्याखाली साडी, हातात हूवर, म्हणजे धूळ ओढायचं मशीन. पहिल्या दिवशी मला एकच नियम तीनदा सांगितला, मांडलेल्या वस्तूंना हात लावायचा नाही. नोकरी जाईल या भीतीनं मी महिनाभर भिंतीपासूनसुद्धा हातभर लांब चालत होते.

तिथली सगळ्यात मोठी खोली एका जनरलसाहेबांची. राणी व्हिक्टोरियाच्या काळातला माणूस. तसबिरीतल्या मिशा अशा की धूळ पुसताना फडका अडकेल असं वाटावं. भिंतीवर सात पाट्या होत्या, त्यांत त्यांची सगळी नोकरी लिहिलेली. पोरवयात लेफ्टनंट झाले तिथून कॅप्टन, कर्नल, जनरल, आणि म्हातारपणी 'सर'. रोज पुसता पुसता मी एकेक शब्द लावत गेले. जे अडेल ते हातावर लिहून घरी नेऊन यांना विचारायचे. 'प्रमोटेड' हा शब्द मी त्या पाट्यांवर शिकले, कारण तो सातांपैकी पाच पाट्यांवर होता. आणि दुसऱ्याच पाटीवर 'अहमदनगर' वाचलं तेव्हा फडका हातातून पडला. साहेब आमच्या नगरच्या कॅम्पात होते.

त्या पाटीखाली कोपऱ्यात एक लाकडी चाक उभं केलं होतं, हातभर व्यासाचं, काळं पडलेलं. लेबलावर लिहिलं होतं, शत्रूच्या तोफेचं चाक, लढाईत जिंकलेलं.

मी ते चाक बघितलं आणि मला हसूच फुटलं. तुम्हालाही फुटलं असतं.

अण्णा दुसऱ्याच्या मळ्यात मोट हाकायचे तेव्हा चाकाला वंगण द्यायचं काम माझं होतं. करंजेलाची चिंधी घेऊन मी रोज वर चढायची. विहिरीवर आडव्या कण्यावर बसवलेलं ते बाभळीचं चाक, त्यावरून मोटेचा जाड दोर, म्हणजे नाडा, धावायचा. धावून धावून चाकाला मधोमध खाच पडायची. त्याच विहिरीवर आपल्या बायांची घागर चालत नव्हती, हेही तुम्हाला आठवत असेल. चाकाला आमचा हात चालायचा, पाण्याला नाही. जमिनीवर पळणारं चाक कडांना झिजतं. म्युझियममधलं हे मधोमध झिजलं होतं, आणि खाच अंगठ्याएवढी खोल होती.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, तोफेचं असू दे नाहीतर मोटेचं, आपल्याला फरशीशी काम. खरंच होतं ते. साहेबांच्या शौर्याची वस्तू खोटी म्हणणारी झाडूवाली उद्या कामावर राहील का? आठ दिवस मी त्या कोपऱ्यात हूवर नेलाच नाही.

नवव्या दिवशी म्युझियमच्या मोठ्या बाई, मार्गारेटबाई, त्याच कोपऱ्यात उभ्या होत्या. धूळ का साठली, असं विचारलं. मला इंग्रजीत कारण सांगता येईना. कसे कोण जाणे, स्टँडवरचे अण्णा आठवले. मी हूवरची वायर उचलली, नियम मोडून त्या खाचेत बसवली आणि दोन्ही हातांनी मागंपुढं ओढली. वायर खाचेत बरोबर बसली. "नॉट गन," मी म्हणाले. "वॉटर. माय फादर. आय पुट ऑईल."

बाईंनी वाकून खाचेत आपलं बोट फिरवलं आणि मला चहाला बसवलं. त्या दिवशी पुढची फरशी तशीच राहिली.

तीन आठवड्यांनी त्यांनी साहेबांची बहिणीला लिहिलेली जुनी पत्रं काढली. त्यांत सगळं होतं. साहेब नगरला लेफ्टनंट असताना पारनेरकडचा एक शिपाई सारखी रजा मागायचा. त्याच्या लोकांना गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं, म्हणून वस्तीनं स्वतःची विहीर खणायला घेतली होती आणि खाली कातळ लागला होता. साहेबांनी वरच्यांना न विचारता सुरुंगाची दारू दिली. इतक्या लढायांचा माणूस, पण त्याची पहिली दारू खडकावर उडाली, आणि पाणी लागलं. पुढं कर्नल होऊन साहेब परत नगरला आले, तेव्हा वस्तीनं नवं चाक बसवून झिजलेलं जुनं त्यांना भेट दिलं. बाई म्हणाल्या, मरेपर्यंत ते त्यांच्या बैठकीत होतं. त्यांच्या माघारी घरच्यांना वाटलं असावं, जनरलच्या घरात चाक आहे म्हणजे तोफेचंच असणार.

शिपायाचं नाव पत्रात नाही. नवं लेबल लिहिताना बाईंनी मला विचारलं, काय लिहू? मी म्हटलं, आधी विहीर खणणारे लिहा, मग साहेब. त्यांनी तसंच लिहिलं.

आता शाळेची पोरं आली की त्या खोलीत मी उभी राहते. लेफ्टनंटपासून 'सर'पर्यंत सगळी नोकरी सांगते, मोडक्यातोडक्या इंग्रजीत पण न घाबरता, आणि शेवटी दोर देऊन पोरांना त्या खाचेशी नेते. माझ्या छातीवर नावाची पट्टी आहे. ती लावताना बाई म्हणाल्या, "सुमन, प्रमोटेड." त्या शब्दाचा अर्थ मला कुणाला विचारावा लागला नाही.

हे सगळं मी अण्णांना कळवलं. चाक तिकडं गावी पाठवायला सांगू का, असं मीच विचारून बसले होते. गेल्या आठवड्यात त्यांचं उत्तर आलं, धाकट्या भावाच्या हातून लिहवलेलं. ती विहीर शोधायला आसपासच्या दोन जुन्या विहिरींत ते या वयात उतरले. तिसरीत आई उतरू देईना, तरी उतरले. तिच्या कातळात सुरुंगाच्या भोकांच्या खुणा आहेत, खाली पाणी आहे, आणि आपलीच पोरं त्यात पोहतात. शेवटी लिहिलंय, "चाक तिकडंच ऱ्हाऊ दे. हीर हितं हाय. मधला नाडा तू हायंस."

पत्र वाचलं, करंजेलाच्या बाटलीतला तळाचा थेंब टाचांना लावला आणि कामावर गेले.