पहिलं नॉर्मल झालं होतं

मैत्रिणींनो, आज शिरपूरला जाऊन सिझरची तारीख घेऊन आले. नववा महिना लागलाय. रडून झालं, आता लिहिते.

सासूबाई सोबत होत्या. मी खुर्चीत बसत नाही तोच त्या डॉक्टरबाईंना म्हणाल्या, "बाई, इनं पहिलं नॉर्मल व्हयेल शे. आते पोट कसाले फाडानं?"

बाहेर बाकावरच्या बायकांनाही त्यांनी हेच सांगितलं होतं, मोठ्या अभिमानाने.

या डॉक्टरबाई आमच्यासाठी नव्या. त्यांनी हसून विचारलं, "मग मोठं बाळ कुठे ठेवून आलात?"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. शेवटी मीच सांगितलं. त्या वेळी मी कळा देत राहिले आणि घरचे म्हणत राहिले, अजून थोडं थांबू, नॉर्मल होईल. झालंही नॉर्मल. बाळ रडलंच नाही.

डॉक्टरबाईंचं हसू गेलं. त्यांनी नीट तपासलं आणि तारीख दिली.

परतताना एसटीत सासूबाई एवढंच म्हणाल्या, "गावमा सिझरनं कोनले सांगू नको."

बायांनो, बाई रिकाम्या ओटीने घरी आली, तरी तुमच्याकडे त्या बाळंतपणाला नॉर्मलच म्हणतात का?